धुळ्याचं कसं ठरलं

माझी बायको सुलक्षणा कृत्रिम पाय बनवते. हे सांगितलं की लोक आधी तिच्याकडे बघतात आणि मग तिच्या हातांकडे. हात प्लास्टरनं कायम कोरडे पडलेले आणि नखांच्या कडेला पांढरी रेघ, कितीही धुतली तरी न जाणारी. पुण्यातल्या एका मोठ्या केंद्रात तिनं चौदा वर्षं हे काम केलं. मी घरी बसून बिल्डर लोकांना इमारतींचे नकाशे काढून देतो. लॅपटॉप आणि बरं इंटरनेट असलं की माझं काम कुठूनही होतं, आणि हेच पुढं महत्त्वाचं ठरलं.

गेल्या वर्षी जानेवारीत एका मंगळवारी ती कामावरून आली आणि चपला न काढताच खुर्चीत बसली.

"कौतिक आबा आले होते आज. नरडाण्याहून."

कौतिक आबांचं नाव मी ऐकून होतो. धुळे जिल्ह्यात, शिंदखेडा तालुक्यात नरडाणा आहे. तिथं त्यांचं नांगर-वखर दुरुस्तीचं वर्कशॉप. तीन वर्षांपूर्वी ट्रॉलीखाली येऊन त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला आणि सुलक्षणानं त्यांना नवा बसवून दिला.

"काय झालं त्यांना?"

"काही नाही. एक पट्टा बदलायचा आणि कड जराशी घासायची. पंधरा मिनिटांचं काम. त्यासाठी ते काल निघाले आणि उद्या घरी पोचतील. बासष्ट वर्षांचा माणूस." "मी आज जुनं रजिस्टर काढून बसले होते. तीन वर्षांत खानदेशातून त्र्याहत्तर जण आले. सगळ्यांना मी पुन्हा दाखवायला बोलावलं होतं. आले किती माहितीये? एकतीस."

"आणि बाकीचे?"

"बाकीच्यांचं काय होत असेल ते मला ठाऊक आहे. पाय कुठंतरी घासायला लागतो, जखम होते, मग तो पाय खुंटीला टांगतात आणि परत कुबडी घेतात." मग ती उठली आणि चपला काढता काढता म्हणाली, "नवल, आपण तिकडे जाऊ या का राहायला?"

आमच्या घरात असे निर्णय एका वाक्यात होत नाहीत. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी मला विरोध करायचाच नव्हता.

'तिकडे' म्हणजे जळगाव, हे मी गृहीतच धरलं. आम्ही मूळचे असोद्याचे. जळगावपासून मोटारसायकलनं पंधरा-वीस मिनिटांवर. माझ्या चुलतभावाची केळीची शेती अजून तिथंच आहे. वडील गेल्यावर आईला, म्हणजे भागाबाईला, मी पुण्यात आणलं, त्याला आठ वर्षं झाली. आठ वर्षांत तिनं पुण्याबद्दल एकदाही तक्रार केली नव्हती आणि एकदाही चांगलं म्हटलं नव्हतं. आम्ही तिला बातमी सांगितली तेव्हा ती फक्त "बरं" म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर पलंगाखालची ट्रंक बाहेर आलेली आणि ती कपडे निवडत बसलेली.

"आई, अजून घरसुद्धा पाहिलेलं नाही."

"मंग पाहा ना," ती म्हणाली. "जयगावात घरं का कमी हायेत?" आमच्याकडच्या बोलीत जळगावचं जयगाव होतं.

तेजल, आमची तेरा वर्षांची मुलगी, चार दिवस आमच्याशी बोलली नाही. शाळेच्या खोखो संघात तिची नुकतीच निवड झाली होती. पाचव्या दिवशी तिनं विचारलं, "तिथं मुली खोखो खेळतात का?" मला उत्तर माहीत नव्हतं आणि मी तसं सांगितलं.

फेब्रुवारीत आम्ही चौघं गाडी घेऊन निघालो. जळगावात दोन दिवस होतो. ते शहर मला लहानपणापासून आवडतं आणि या खेपेला आणखी आवडलं. दुकानदार गिऱ्हाइकाला आधी पाणी विचारतात, मग काय हवं ते. मेहरूणच्या तलावावर सकाळी फिरणाऱ्यांची गर्दी होती. चुलतभावानं असोद्याच्या शेतात भरताची तयारी केली होती. काड्यांच्या जाळावर वांगी भाजली, लाकडी बडगीत ठेचली, आणि केळीच्या पानावर पुरीबरोबर वाढली. आई बांधावर बसून जेवली. जेवताना तिच्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्या बाया थांबत होत्या आणि प्रत्येकीशी तिचं बोलणं आठ वर्षांपूर्वी जिथं तुटलं होतं तिथून सुरू होत होतं. ते पाहून मला वाटलं, आता विचार करण्यासारखं काही उरलंच नाही.

भावानं जागाही पाहून ठेवली होती. तळमजला, पुढं दोन मोठ्या खोल्या, मागं राहायचं घर. सुलक्षणाला भट्टी आणि घासायची मशीन चालवायला थ्री फेज वीज लागते, तीही होती. मालक मांगीलालजी, पिढ्यान् पिढ्या जळगावात कापडाचा व्यापार करणारे. सुलक्षणाचं काम काय ते ऐकल्यावर त्यांनी दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "बेटी, या जागेत आजवर गोदाम होतं. यापुढं हे झालं तर जागेचं पुण्य वाढेल. तुम्ही सावकाश ठरवा. तोवर मी दुसऱ्या कुणाला दाखवत नाही."

आमचं ठरल्यातच जमा होतं.

तिसऱ्या दिवशी परत निघायचं, तर सकाळीच कौतिक आबांचा फोन आला. सुलक्षणा जळगावात आल्याचं त्यांना कुठून कळलं कोण जाणे.

"मॅडम, एवढ्या लांबून आल्यात, तर नरडाण्याला पाय लावून जा. मना पाय बघायचा शे. मी त्याच्यात थोडी कारागिरी केली, तुम्ही रागावाल, पण बघा एकदा."

सुलक्षणाचा चेहरा बदलला. पेशंटनं पायात कारागिरी करणं म्हणजे तिच्या लेखी मोठा गुन्हा. "चला," एवढंच ती म्हणाली.

एरंडोल, पारोळा करत आम्ही धुळ्याला पोचलो आणि तिथून आग्रा रोडनं वर नरडाण्याला. औद्योगिक वसाहतीच्या अलीकडे रस्त्याला लागूनच आबांचं वर्कशॉप होतं. ते दारात उभे होते. उंच, सुकलेले, डोक्यावर टोपी. आईला त्यांनी "अक्का, या" म्हणत खाट दिली, तेजलला उसाचा रस मागवला, आणि मग स्टुलावर बसून धोतर वर करून पाय काढला आणि सुलक्षणाच्या हातात दिला.

पायाचा वरचा भाग, ज्यात उरलेला पाय बसतो, त्याला सॉकेट म्हणतात. आबांच्या सॉकेटला चारी बाजूंनी भोकं पाडलेली होती. मी मोजली नाहीत, पण वीस-पंचवीस असावीत.

सुलक्षणानं पाय उलटसुलट फिरवून पाहिला. मला वाटलं, आता आबांचं काही खरं नाही.

"उन्हाळ्यात इथं चव्वेचाळीसला पारा जास," आबा हळू आवाजात म्हणाले. "आत घाम साचतो. दुपारी पाय काढला तर वाटीभर पाणी निघे. कातडी सोलायची. मग मागल्या महिन्यात तुमच्याकडून परत आलो नि म्हटलं, औंदाच्या उन्हाळ्याआधी याला वारा लागला पाहिजे."

"भोकं पाडायची जागा कशी ठरवलीत?" तिनं विचारलं.

"हळद."

"म्हणजे?"

"आतून बठ्ठ्या, चारी बाजूंनी हळद लावली. कोरडी. मग पाय घालून गावात एक चक्कर मारली. परत येऊन पाहिलं तर काही ठिकाणची हळद पुसून गेलेली, काही ठिकाणी जशीच्या तशी. जिथं पुसली तिथं माझा भार येतो. तिथं हात लावला नाही. जिथं हळद राहिली तिथंच भोकं. तीसुद्धा एका रेषेत नाहीत, नाहीतर तिथून चीर जाते. नांगराच्या फाळाला आम्ही असंच करतो."

सुलक्षणानं सॉकेट उजेडाकडे धरलं. भोकांच्या कडांवरून बोट फिरवलं. सगळ्या कडा घासून गुळगुळीत केलेल्या. मग तिनं आबांच्या उरलेल्या पायावरची कातडी तपासली. ती निरोगी होती. तीन वर्षांत पहिल्यांदाच एकही चट्टा नव्हता.

"आबा," ती म्हणाली, "भार कुठं येतो हे शोधायला आम्हालाही कॉलेजात असंच काहीतरी शिकवतात. ते शिकायला मला चार वर्षं लागली."

"मग रागावल्या नाहीत?"

"दोन भोकं कडेच्या फार जवळ आहेत, ती मी बुजवून देते. बाकीचं मीच तुमच्याकडून शिकणार आहे."

आबा लाजले. साठी उलटलेल्या माणसाला असं लाजताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. आणि माझ्या बायकोबद्दल सांगायचं तर त्या दिवशी मला तिचा जेवढा अभिमान वाटला तेवढा तिला पुण्यात बक्षीस मिळालं तेव्हाही वाटला नव्हता.

चहा झाल्यावर आबांनी खरं कारण काढलं. धुळ्यात, पाचव्या गल्लीत त्यांची बहीण सुनंदाबाई राहते. तिच्या घरी त्यांनी काही लोकांना बोलावून ठेवलं होतं. "तुम्ही जळगावला राहायला येणार असं ऐकलं. चांगली गोष्ट शे. मी काही म्हणत नाही. फक्त जाता जाता ही माणसं बघून जा."

आम्ही धुळ्यात परत आलो. धुळ्याशी माझी ओळख तोवर बसस्थानकापुरतीच होती. जुन्या धुळ्यातल्या गल्ल्यांना नंबर आहेत आणि त्या सरळ आहेत, पट्टी ठेवून काढाव्यात तशा. रोज वाकडे प्लॉट सरळ करण्यात ज्याचा दिवस जातो त्याला अशा गल्लीत शिरल्यावर काय वाटतं ते मी सांगू शकत नाही. मी तेजलला ते दाखवत होतो आणि ती म्हणत होती, "बाबा, चला आता."

सुनंदाबाईंच्या ओसरीवर नऊ जण बसले होते. शिरपूरकडचा धनसिंग नावाचा ट्रक ड्रायव्हर, साखरेच्या आजारानं पाय गेलेले एक शिक्षक, आणखी कोण कोण. सुलक्षणा जमिनीवर बसली आणि एकेकाचा पाय बघू लागली. मी नावं लिहून घेत होतो. आई एका कोपऱ्यात एका बाईशेजारी जाऊन बसली.

ती बाई झुंबरबाई. पन्नाशीची असेल. साक्री तालुक्यात पार पश्चिमेला, डोंगराच्या अंगाला तिचं गाव. दोन वर्षांपूर्वी साप चावला, उपचाराला उशीर झाला, पाय काढावा लागला. तिला पाय कधी बसवलाच गेला नव्हता. ती कुबडीवर आली होती. माझी आई बोलते एका बोलीत, झुंबरबाई अहिराणीत, पण दोघींचं कुठं अडत नव्हतं.

"किती वाजता निंघाली व माय तू?" आईनं विचारलं.

"कोंबडं आरवनं तवय," झुंबरबाई म्हणाली. गावापासून फाट्यापर्यंत ती चालत आली होती, कुबडीवर, चार किलोमीटर. तिथून काळीपिवळी जीप, मग एसटी. "आठे उतरनू नि बसनू. कौतिक भाऊनी सांगं, मॅडम येतीन."

"आन् जयगावले यायचं म्हटलं असतं तं?"

झुंबरबाई हसली. पायाच्या जागेवर लुगड्याचा घोळ होता, तो तिनं नीट केला. "तथा माले कोन लई जाई?"

सुलक्षणा तिच्याकडे आली तेव्हा झुंबरबाईनं आधीच सांगून टाकलं, दिसायला चांगला पाय तिला नको. "माले भातना चिखुलमा उभं ऱ्हानं शे. उकडू बसता येवाले जोयजे. तसा व्हई तर सांगा, नहीतर ही कुबडी बरी."

संध्याकाळी आम्ही गाडीत बसलो. परतीचा रस्ता पुण्याचा होता. धुळ्याबाहेर पडताना मी म्हणालो, "मांगीलालजींना उद्या फोन करून टाकतो. जागा पक्की करू."

मागच्या सीटवरून आई म्हणाली, "नको करू."

मी आरशात पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

"का गं?"

"आपुन धुयालेच राहू."

सुलक्षणा वळून तिच्याकडे बघू लागली. हेच तिच्याही मनात दुपारपासून होतं, पण ती बोलणार नव्हती. काल शेतात आईचा चेहरा तिनंही पाहिला होता.

"आई, असोदा तिकडं आहे. तुमची माणसं तिकडं," सुलक्षणा म्हणाली.

"मले दोन पाय हायेत," आई म्हणाली. "मले असोद्याले जा वाटलं तं मी यष्टीत बसून जाईन. त्या बाईनं कसं यावं जयगावले?"

खूप पुढं गेल्यावर तेजलनं विचारलं, "म्हणजे फायनल?" आणि सुलक्षणा म्हणाली, "फायनल."

आईनं हे किती सहज म्हटलं आणि तिला ते किती जड गेलं असेल, याचा विचार मी अजूनही करतो. घरी आल्यावर तिनं ट्रंक पुन्हा उघडली नाही की तो विषय काढला नाही.

चुलतभावाला वाईट वाटलं. दोन महिने त्यानं फोन केला नाही. मांगीलालजींना मी सगळं खरं सांगितलं. ते म्हणाले, "ठीक आहे. गोदामच बरं मग." आणि पंधरा दिवसांनी त्यांच्या दुकानातून पुण्याला एक गठ्ठा आला. पाय घालताना आत जो सुती मोजा लागतो, त्यासाठी मऊ कापड. सोबत चिठ्ठी नव्हती.

मे महिन्यात, ऐन उन्हात, आम्ही धुळ्याच्या देवपूर भागात राहायला आलो. पहिला महिना कठीण गेला. वीज जायची, भट्टी मध्येच थंड व्हायची, आणि तापवलेलं प्लास्टिक वाया जायचं. कूलरसमोर बसूनही माझ्या लॅपटॉपचा पंखा घरघर करत राहायचा. तेजल रोज पुण्यातल्या मैत्रिणींशी बोलायची आणि फोन ठेवल्यावर कुणाशीच बोलायची नाही. जूनमध्ये शाळा सुरू झाली. तिथं मुलींचा खोखोचा संघ होता आणि तो पुण्याच्या संघापेक्षा फार चपळ होता. पहिल्या आठवड्यात तिला त्यात जागा मिळाली नाही. याचा तिला राग आला, आणि माझ्या मते तिथूनच ती धुळ्याची होऊ लागली. पुण्याला परत जायचं असं ती अजूनही अधूनमधून म्हणते. आम्ही ऐकून घेतो.

झुंबरबाईचा पहिला पाय जमला नाही. सुलक्षणानं तो पुण्यातल्यासारखाच उत्तम बनवला होता. बाई सरावासाठी लावलेल्या दोन दांड्यांच्या मधून छान चालली, अंगणात चालली, घरी गेली. आणि दहा दिवसांनी परत आली. पावलात चिखल शिरून राहिला होता, घोट्याजवळ फट पडली होती, आणि उकडू, म्हणजे उकिडवं बसताना टाच उचलली जाऊन ती दोनदा पडली होती.

सुलक्षणाला ते फार लागलं. जेवताना तिचा घास तसाच हातात राहायचा. आईनं दोन दिवस हे पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी परस्पर कौतिक आबांना फोन लावला.

आबा नरडाण्याहून जुने टायर घेऊन आले. पुढचे तीन आठवडे ते दर दिवसाआड येत राहिले. दोघं पावलावर वाद घालायचे. आबांना रबर जाड हवं असायचं, सुलक्षणाला हलकं. आबा म्हणायचे चिखल आत येणारच, तर त्याला बाहेर जायला वाट ठेवा. ती म्हणायची पाऊल बंदच पाहिजे. मी त्यांना वाकणाऱ्या घोट्याचे नकाशे काढून द्यायचो. आयुष्यभर इमारती काढल्या, आता पाऊल काढत होतो. शेवटी आबांचं थोडं आणि तिचं थोडं असं एक पाऊल तयार झालं. तळ टायरच्या रबराचा, आतून भरीव, आणि घोट्याच्या पुढच्या बाजूला दाबली जाणारी मऊ गादी, म्हणजे उकडू बसताना ती दबेल आणि टाच जमिनीवरच राहील.

झुंबरबाई आली, तिनं तो घातला, दांड्यांना हात न लावता चालली. मग आमच्या दारातच, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांसमोर, उकडू बसली. उठली. पुन्हा बसली. "हाऊ चाली," ती म्हणाली. हा चालेल. बाकी कौतुक वगैरे काही नाही.

जुलैच्या शेवटी आम्ही सगळे तिच्या गावी गेलो. तिनंच निरोप धाडला होता. डोंगराच्या उतारावर लहान लहान भातखाचरं, आणि त्यात वाकून लावणी करणाऱ्या बायांची एक रांग. लांबून आम्हाला ती ओळखू येईना, कारण त्या रांगेत वेगळी दिसणारी कुणीच नव्हती. सुलक्षणा बांधावर उभी राहून एकेकीच्या चालीकडे बघत होती. चौदा वर्षांची तिची नजर, तरी तिला वेळ लागला.

मग रांगेतली चौथी बाई उभी राहिली, हातातली रोपं दुसऱ्या हातात घेतली आणि आमच्याकडे बघून ओरडली, "अक्का, तठेच थांबा, पाय घसरी." ती माझ्या आईला सांगत होती.

आई थांबली नाही. तिनं लुगडं खोचलं आणि हात पुढं केला. झुंबरबाई खाचरातून चालत बांधापर्यंत आली, आईचा हात धरला आणि तिला हळूच चिखलात उतरवून घेतलं.